धूर गेला, तरी धोका राहतो

आमच्या न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेत घरगुती आरोग्याविषयी एखादा पाठ असावा असे ठरले, तेव्हा विषय शोधण्यास दूर जावे लागले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगावच्या अमननगर भागात थंडी निवारण्यासाठी खोलीत कोळसा पेटवून निजलेले तीन तरुण गुदमरून मरण पावले. आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर आहे. कार्तिक सरता सरता येथील रात्री बोचू लागतात, आणि बेळगावपासून निपाणीपर्यंत शेगडी किंवा निखाऱ्यांचे घमेले आत घेण्याची सवय जुनीच आहे. तेव्हा ही गोष्ट कोणाच्याही घरी घडू शकेल, हे प्रथम ध्यानी घ्यावयास हवे.

आपल्याकडे एक समज रूढ आहे. शेगडी अंगणात पेटवावी, धूर निघून जाऊ द्यावा, निखारे चांगले फुलले की ती आत आणावी. मग काही बाधत नाही. हा समज चुकीचा आहे. धुराने डोळे चुरचुरतात, खोकला येतो, माणूस आपोआप दार उघडतो. फुललेल्या निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला मात्र रंग नाही, वास नाही, आणि त्याने ठसकाही लागत नाही.

वायू कसा उत्पन्न होतो

कोळशाला भरपूर हवा मिळाली तर त्याचा कार्बन डायॉक्साइड होतो. हवा अपुरी पडली, की ज्वलन अर्धवट राहून कार्बन मोनॉक्साइड उत्पन्न होतो. निखाऱ्यांच्या ढिगात आतल्या बाजूस हवा अपुरीच असते. निखाऱ्यांवर कधी कधी निळसर ज्योत नाचताना दिसते. ती याच वायूच्या जळण्याची होय. जो जळत नाही तो खोलीत साठतो. दारे-खिडक्या बंद असल्या, की खोलीतील प्राणवायू कमी होत जातो आणि विषारी वायूचे प्रमाण आणखी वाढते. वजनाने तो हवेहून किंचित हलका असल्याने सर्व खोलीभर मिसळतो. जमिनीवर निजले काय किंवा खाटेवर निजले काय, सारखेच.

शरीरात काय घडते

रक्तातील हिमोग्लोबिन फुप्फुसांतून प्राणवायू उचलून सर्वांगास पोहोचविते. कार्बन मोनॉक्साइड या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. त्यामुळे हवेत तो थोडा असला तरी रक्तातील जागा अडवितो, आणि मेंदू व हृदय यांची उपासमार होते. प्रथम डोके दुखते, मळमळते, भोवळ येते, हातापायांतले बळ जाते. पुढे विचारशक्ती मंदावते. दार उघडावे हे सुचत नाही, आणि सुचले तरी उठवत नाही. झोपलेल्या माणसास तर काहीच कळत नाही.

आमच्या पिढीतील पुष्कळांस बाळंतिणीची खोली आठवत असेल. दारे-खिडक्या लावलेल्या, खाटेखाली शेगडी, त्यावर ओवा-शेपांची धुरी. शेकामागची माया खरी. परंतु बंद खोलीत ती शेगडी आई व मूल दोघांसही घातक आहे. गर्भवतीने तर तिच्यापासून दूरच राहावे, कारण पोटातील बाळास हा वायू अधिकच बाधतो. शेक द्यावयाचा असेल तर गरम पाण्याची पिशवी घ्यावी.

गॅस गिझर आणि इतर उपकरणे

कोळसा वापरीत नाही म्हणून निश्चिंत राहू नये. लहान न्हाणीघरात बसविलेला गॅसचा गिझर, गॅसवर चालणारे हीटर, वीज गेल्यावर व्हरांड्यात लावलेले जनरेटर, या सर्वांतून हाच वायू निघू शकतो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातील दामन येथे सहलीस गेलेले केरळचे आठ जण हॉटेलच्या बंद खोलीत गॅस हीटर लावून निजले आणि मरण पावले. त्यांत चार मुले होती. गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि जाणकाराकडून वर्षातून एकदा तपासून घ्यावा. जनरेटर घरापासून दूर ठेवावा.

सूचना देणारे यंत्र

पूर्वी इंग्लंडातील कोळशाच्या खाणींत कामगार पिंजऱ्यात कॅनरी पक्षी नेत. पक्षी आधी कोसळे आणि माणसे सावध होत. ही चाल तेथे १९८६ पर्यंत होती. आज तेच काम हाताएवढे यंत्र करते. युरोपीय मानकाप्रमाणे हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ५० भाग असतील तर ते तास-दीड तासात वाजते, १०० भाग असतील तर १० ते ४० मिनिटांत, आणि ३०० असतील तर तीन मिनिटांच्या आत. ते निजण्याच्या खोलीत लावावे, महिन्यातून एकदा बटण दाबून पाहावे, आणि त्यावर छापलेली मुदत संपली की बदलावे. स्वयंपाकाच्या गॅसची गळती सांगणारे यंत्र निराळे असते. ते या कामी येत नाही. आणि यंत्र आहे म्हणून शेगडी आत घ्यावी, असेही कोणी समजू नये.

प्रसंग ओढवल्यास

घरातील दोघा-तिघांचे एकाच वेळी डोके दुखू लागले, मळमळू लागले, आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर पित्त म्हणून सोडून देऊ नये. सर्वांनी ताबडतोब बाहेर पडावे. बेशुद्ध माणसास काढण्यास जाणाऱ्याने आधी दारे-खिडक्या सताड उघडाव्यात, त्यास ओढून मोकळ्या हवेत आणावे, आत रेंगाळू नये. १०८ क्रमांक सीमेच्या दोन्ही बाजूंस चालतो. रुग्णालयात पोहोचताच "खोलीत कोळसा होता" किंवा "गिझर चालू होता" हे डॉक्टरांस आवर्जून सांगावे. करोनाच्या काळात घरोघरी आलेले, बोटास लावावयाचे ऑक्सिमीटर येथे फसविते. या वायूने भरलेले रक्तही ते प्राणवायूने भरलेले समजते आणि आकडा चांगला दाखविते. रुग्णास शुद्ध प्राणवायू द्यावा लागतो. साध्या हवेत रक्तातील विष निम्म्यावर येण्यास चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूने ते एक-दीड तासात येते.

वाचकांस आमची एकच विनंती आहे. घरात, वसतिगृहात, लग्नाच्या बिऱ्हाडी, शेतावरच्या खोलीत, जेथे थंडीत माणसे निजतात तेथे निजण्यापूर्वी एकाने पाहावे, की शेगडी बाहेर गेली आहे काय. थंडी वाजत असेल तर आणखी एक घोंगडे घ्यावे. अमननगरच्या त्या तीन मुलांस हे कोणी सांगितले असते तर त्यांनी खचित ऐकले असते. आपल्या मुलांस ते आजच सांगावे.