तोरण चौकटीत बघावं

हातात धरून बघितलं तर कुठलंही तोरण चांगलंच दिसतं. ते दाराला लाव, जिन्यापाशी जाऊन उभी राहा आणि मग बघ. तिथून तुझा बारीक टाका कोणाला दिसणार नाही. दिसेल तो रंग, फुलांचा भरगच्चपणा, आणि पानं सरळ लोंबताहेत की मुरडली आहेत ते. म्हणून तू फोनवर "मावशी, एखादा सोपा नमुना सांग ना" म्हणालीस, तेव्हा मी आधी दाराचं माप विचारलं.

हल्लीच्या फ्लॅटचं मुख्य दार साधारण तीन-साडेतीन फुटांचं असतं. बाहेरून जाळीचं सेफ्टी डोअर असेल तर ते उघडमीट करून बघ, वर किती जागा उरते ते. जाळीत एक फूल अडकलं की एका झटक्यात अख्खी पट्टी खाली येते. चौकटीच्या माथ्यापासून वीतभरच खाली लोंबू दे, उंच माणसाच्या डोक्याला लागता कामा नये. आणि पट्टी मापापेक्षा दोन इंच आखूड विण. फुलापानांच्या वजनाने ती ताणली जातेच. मागच्या बाजूने एक पक्की दोरी ओवून घे. भार दोरीवर पडला पाहिजे, विणीवर नाही. दरवर्षी लांबत जाणारी, मधेच पोट आलेली तोरणं तू पाहिली असशील. त्यात विणणारीचा हात वाईट नसतो, दोरी नसते.

बाहेरच्या दाराला चार पदरी ॲक्रिलिक लोकर घे आणि साडेतीन मिलिमीटरची क्रोशाची सुई. सुती दोरा तिथे नको. पावसाळी हवेत तो ओल धरतो, जड होतो, सैलावतो. ॲक्रिलिकला ओल फारशी लागत नाही आणि कसरही लागत नाही. घरातल्या वस्तूंना मात्र, म्हणजे देवघराची झालर, चौरंगावरचा रुमाल, संक्रांतीचे पतंग, यांना मर्सराइज्ड सुती दोराच शोभतो. कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केल्यामुळे त्याला चमक येते, तो मजबूतही होतो आणि धुतल्यावर ती चमक जात नाही. दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, एवढं दुकानात लक्षात ठेव. सुरुवातीला २० नंबरच्या पुढे जाऊ नको, डोळ्यांना त्रास होतो आणि उत्साह मावळतो.

लोकर एकाच वेळी पुरेशी घे आणि प्रत्येक गुंडीच्या वेष्टनावरचा लॉट नंबर जुळवून बघ. दोन लॉटचा केशरी दुकानातल्या ट्यूबखाली सारखाच वाटतो, दारातल्या उन्हात वेगळा पडतो.

आता नमुना. पण त्याआधी एक हिशोब डोक्यात बसव, म्हणजे नमुन्याच्या वहीची गरजच उरणार नाही. गोल विणताना खांबांची विण असेल तर प्रत्येक फेरीला १२ खांब वाढले पाहिजेत: १२, २४, ३६. मुक्या खांबांची असेल तर ६ वाढले पाहिजेत: ६, १२, १८. एवढे वाढले तर गोल सपाट राहतो. कमी वाढवलेस तर त्याची वाटी होते, जास्त वाढवलेस तर झालर. वाटी म्हणजे चुकलं असं नाही. छोट्या गुढीवरचा तांब्या वाटीतूनच तयार होतो. आणि झेंडू झालरीतून.

झेंडूला चार साखळ्या घालून गोल जोड. त्यात १२ खांब. दुसऱ्या फेरीला प्रत्येक खांबात दोन, म्हणजे २४. पण ही फेरी विणताना सुई टाक्याच्या फक्त मागच्या धाग्यातून घाल. पुढचा धागा तसाच मोकळा राहू दे, त्याचं काम शेवटी आहे. तिसऱ्या फेरीला प्रत्येक खांबात तीन. झाले ७२. इथे सपाट गोलाला ३६ पुरले असते. दुप्पट भरल्यामुळे कडेला जागाच उरत नाही आणि ती आपोआप चुण्या घेते. आता दोरा तोड आणि फुलाच्या मध्ये ते जे १२ धागे मोकळे ठेवले होतेस, त्यांत दोरा जोडून प्रत्येकात तीन खांब घाल. मधोमध दुसरी झालर उभी राहते आणि फूल एकदम भरतं. ही आतली झालर पिवळी आणि बाहेरची केशरी केलीस तर लांबून जास्त उठून दिसते. उलटही चालेल, पण मला हेच आवडतं.

आंब्याच्या पानाला १६ साखळ्या घाल. सुईजवळची एक साखळी सोडून पुढे २ मुके खांब, २ अर्धे खांब, ७ खांब, २ अर्धे, १ मुका. शेवटच्या साखळीत एक मुका खांब, दोन साखळ्या, पुन्हा त्याच घरात एक मुका खांब. या दोन साखळ्यांमुळे पानाला टोक येतं. त्या घातल्या नाहीत तर पान आंब्याचं न राहता पिंपळ आणि जांभूळ यांच्या मधलंच काहीतरी होतं. मग साखळीच्या दुसऱ्या अंगाने परत ये: १ मुका, २ अर्धे, ७ खांब, २ अर्धे, २ मुके. फिकट पोपटी धाग्याने मधून भरतकामातला साखळी टाका घातलास की शीर दिसते. पान सुईवरून निघालं की कडा वळवते. पालथं ठेव, वर ओलं मलमल टाक आणि तापलेली इस्त्री बोटभर उंच धरून नुसती वाफ दे. टेकवू नको. ॲक्रिलिकला उष्णता लागली की त्याचा ताठा कायमचा जातो. पानाला ते हवंच असतं, ते सरळ लोंबतं. फुलाला मात्र वाफ देऊ नको, झालर बसून जाईल.

तीन फुटांच्या दाराला सात फुलं आणि आठ पानं पुरतात. दोन्ही टोकांना पान, मधोमध फूल.

दोऱ्याची टोकं कापायची घाई करू नको. प्रत्येक टोक वीतभर राख आणि मोठ्या नाकाच्या सुईने विणीतून एकदा इकडे, एकदा तिकडे, पुन्हा इकडे असं फिरव. नुसती गाठ मारून कात्री लावलीस तर गुळगुळीत ॲक्रिलिक हळूहळू सुटतं आणि नेमकं सणासुदीत फूल उसवतं. पंधरा नग म्हणजे टोकं बरीच होतात, म्हणून ती शेवटासाठी साठवू नको. एक नग झाला की त्याची टोकं लगेच आत.

वेळ मिळाला नाही आणि विकत घ्यावं लागलं तर घे, पण घासाघीस करू नको. खरा क्रोशा यंत्रावर होत नाही. बाजारात जो दिसतो तो कोणीतरी सुई धरूनच केलेला असतो. आंध्रातल्या नरसापूरच्या बायका पिढ्यान्पिढ्या क्रोशाची लेस विणतात, आणि त्या मेहनतीच्या मानाने त्यांच्या हाती फार थोडं पडतं. विणणाऱ्या बाईने तरी दुसरीच्या टाक्याचं मोल कमी करू नये.

सणासणांचं थोडक्यात सांगते. संक्रांतीचं काळं काम दिवसाउजेडी कर, रात्री काळ्या धाग्यातलं घर दिसत नाही. पतंगासारखे सपाट नग ताठ हवेत. एक चमचा साबुदाणा दोन वाट्या पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजव, गाळ, त्यात नग बुडवून पिळ आणि थर्माकोलवर गंज न चढणाऱ्या टाचण्यांनी ताणून वाळव. पाडव्याची छोटी गुढी टेबलावर छान दिसते, पण तिला कडुनिंबाची डहाळी खरीच लाव. तसंच सणाच्या दिवशी दाराला खरी आंब्याची पानं आणि खरा झेंडू हवा. विणलेलं तोरण सणाच्या आधीच्या-नंतरच्या दिवसांसाठी. दसऱ्याची गोष्ट वेगळी. आपट्याच्या नावाखाली कांचनाच्या फांद्याही ओरबाडून विकतात. तिथे जोडपान विणून द्यावं, घेणाऱ्याला पुस्तकात खूण म्हणून वर्षभर पुरतं.

दिवाळीबद्दल मात्र कडक सांगते. ॲक्रिलिक आगीजवळ वितळतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. उंबऱ्याशी पणत्या लावणार असशील तर चौकटीच्या बाजूंनी खाली येणाऱ्या माळा करूच नको, फक्त वरची आडवी पट्टी. आकाशकंदील विणायचा असेल तर सुती दोऱ्याचा, फुगवलेल्या फुग्यावर चढवून दाट खळीने ताठ करायचा, पूर्ण वाळला की फुगा फोडून काढायचा. आत एलईडीच. जुना पिवळा बल्ब तापतो.

सणाचे दिवस संपले की लगेच उतरव. रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून दाबून धू, पिळू नको. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिप आणि सावलीत चटईवर आडवं वाळव. ओलं टांगलंस तर लांबेल. खळ दिलेले नग ठेवण्याआधी खळ पूर्ण धुऊन काढ, नाहीतर झुरळं आणि कसर येते. पुढच्या वर्षी पुन्हा खळ द्यायला अर्धा तास लागतो. जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून बुटांच्या खोक्यात ठेव, वर वजन नको. मिठाईचा खोका घेऊ नको, पुसला तरी मुंग्या लागतात.

त्याच खोक्यात उरलेली लोकर, तीच सुई आणि दाराचं माप लिहिलेली चिठ्ठी ठेव. वर्षा-दोन वर्षांनी एखाददुसरं फूल बदलावं लागेलच, आणि तेव्हा त्या लॉटचा केशरी दुकानात मिळणार नाही.