फंड काढण्याआधी

मी आणि माझी थोरली बहीण, दोघी 1996 मध्ये भोसरीतल्या दोन वेगवेगळ्या कारखान्यांत लागलो. काम सारखंच, पगारही जवळपास सारखा, दोघींचाही फंड कापला जाई. आज मला दर महिन्याला दोन हजारांच्या थोडी वर पेन्शन येते. ताईला येत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या की तिला मुलाला सांगावं लागतं. मुलगा चांगला आहे, आणतो. पण सांगताना तिचा आवाज कसा खाली जातो, ते मी ऐकलं आहे.

2004 साली ताईच्या सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. नोकरी कुणी सोडायची, हे घरात कुणी विचारलंसुद्धा नाही. ताईने आठ वर्षांची नोकरी सोडली. दोन महिन्यांनी भावजींनी फॉर्म आणले, तिने सह्या केल्या. आलेला पैसा गावच्या घराच्या स्लॅबला लागला. घर सासऱ्यांच्या नावावर.

त्या पैशात पेन्शनचाही पैसा होता, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मालक आपल्या पगाराच्या 12 टक्के भरतो. त्यातले 8.33 टक्के फंडात न जाता 1995 च्या पेन्शन योजनेत जातात. नोकरीची एकूण दहा वर्षं भरली, तर वयाच्या 58 व्या वर्षापासून मरेपर्यंत पेन्शन. दहा भरायच्या आत नोकरी सुटली, तर 10-सी नावाचा फॉर्म असतो आणि त्यात दोन वाटा असतात. एक, पेन्शनचे पैसे काढून घ्या. दुसरी, स्कीम सर्टिफिकेट घ्या. पैसे काढले की ती वर्षं गेली, कायमची. सर्टिफिकेट घेतलं तर ती वर्षं तुमच्या नावावर राहतात आणि पुढच्या नोकरीत मिळवली जातात.

वर्षभराने माझ्यावर तीच वेळ आली. मुलाच्या आजारपणात मला नऊ वर्षांची नोकरी सोडावी लागली. आमच्या युनियनमध्ये एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "फंड हवा तर काढ, अडचण आहे तुझी. पेन्शनला हात लावू नको. सर्टिफिकेट माग." एवढंच. 2013 मध्ये मी एका रुग्णालयात कंत्राटदाराकडे सफाईच्या कामावर लागले, तेव्हा ते सर्टिफिकेट दिलं आणि आधीची नऊ वर्षं जोडली गेली. ताईही पुन्हा कामाला लागली होती, 2012 ते 2019, पॅकिंगमध्ये. सात वर्षं. आधीची आठ धरली असती तर पंधरा झाली असती. ती पुसलेली होती, म्हणून अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर तिच्या हातात पुन्हा एकरकमी थोडे पैसे आले आणि विषय संपला.

ताईसारख्या बायका मी खूप पाहिल्या, आणि म्हणूनच हे लिहिते आहे. पुरुषाची नोकरी बहुतेक सलग चालते. बाईची तुटते: बाळंतपण, नवऱ्याची बदली, सासू-सासऱ्यांचं आजारपण. दहा वर्षांची अट कागदावर सगळ्यांना सारखी आहे, पण ती अडवते बाईलाच. पगार कमी, त्यामुळे पेन्शन कमी. आणि आयुष्य मात्र पुरुषापेक्षा जास्त, म्हणजे त्या कमी पैशात काढायची वर्षंही जास्त. जर्मनीत 1992 पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे, मूल वाढवणाऱ्या पालकाच्या, म्हणजे बहुधा आईच्या, सरकारी पेन्शनमध्ये तीन वर्षं धरली जातात. आपल्याकडे सासूची शुश्रूषा केलेली वर्षं सोडाच, कारखान्यात राबलेली वर्षंसुद्धा एका सहीने जातात.

पेन्शन तुटपुंजी आहे, हे मी नाकारत नाही. हिशोब सोपा आहे: शेवटच्या साठ महिन्यांचा सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. आताच्या नियमात पगार 15,000 पर्यंतच धरतात. 2014 नंतर लागलेल्या मुलीचा सरासरी पगार 14,000 आणि नोकरी 15 वर्षं असेल, तर महिना 3,000. पुढे महागाई भत्ता नाही. किमान पेन्शन 2014 मध्ये 1,000 ठरली. ती 7,500 करा म्हणून म्हातारी माणसं उन्हातान्हात उपोषणाला बसली आहेत आणि त्यांची मागणी शंभर टक्के रास्त आहे. पण रक्कम कमी आहे म्हणून तिच्यावर पाणी सोडू नका. एकरकमी पैसा घराचा होतो: स्लॅबला जातो, नणंदेच्या लग्नात जातो, कर्जात जातो. दर महिन्याला बाईच्या स्वतःच्या खात्यात येणारे दोन हजार तिचे राहतात. घरात तिचं बोलणंही मग वेगळ्या कानांनी ऐकलं जातं.

तेव्हा नोकरी सोडताना, किंवा सुटल्यावर, 10-सीवर सही करण्याआधी तो स्वतः वाचा. नवरा, भाऊ, सायबर कॅफेवाला, कुणीही भरून दिला तरी. लगेच दुसरीकडे लागणार असाल तर पैसे काढू नका, त्याच यूएएनवर, म्हणजे फंडाच्या कायमच्या नंबरवर, जुनं खातं नव्यात वळवा. कंत्राटदार बदलला की नवा यूएएन काढून देतात, तो घेऊ नका. जुना नंबर सांगा. पासबुकात पेन्शनचा रकाना वेगळा असतो, तो दर महिन्याला भरतोय का, ते बघत राहा. आधार आणि फंडातलं नाव जुळतं का, हेही आजच तपासा. माहेरचं एकीकडे आणि सासरचं दुसरीकडे असलं की दावा अडतो, आणि अडतो तो नेमका पैशाची नड असते तेव्हा.

ज्यांना फंडच नाही, त्या घरकाम करणाऱ्या, शेतावर जाणाऱ्या बायकांनी चाळिशीच्या आत अटल पेन्शन योजनेचं खातं बँकेत किंवा पोस्टात उघडावं. साठीनंतर 1,000 ते 5,000, जसा हप्ता भराल तसं. चाळिशी ओलांडली असेल तर तहसील कचेरीतून संजय गांधी निराधार किंवा, पासष्टीनंतर, श्रावणबाळ योजना, महिना 1,500. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत दाखवावं लागतं, म्हणजे दिवसाला साठ रुपयेसुद्धा नाही. ही मर्यादा अन्यायाची आहे आणि ती वाढलीच पाहिजे.

एक गोष्ट नवऱ्याच्या फंडाची. तो नोकरीत असताना गेला, तर त्याची दहा वर्षं भरलेली नसली तरी विधवेला पेन्शन मिळते, एक महिन्याचा जरी हप्ता भरलेला असला तरी. दोन मुलांना पंचविसाव्या वर्षापर्यंत वेगळी. फॉर्म 10-डी. लग्नाआधी त्याने आईचं किंवा भावाचं नाव वारस म्हणून लावलेलं असेल, तर लग्नानंतर ते आपोआप रद्द होतं. नवीन नोंद मात्र त्यालाच करावी लागते, आणि ती आता मोबाइलवर होते. आज रात्री जेवणं झाली की त्याला शेजारी बसवा आणि ती करून घ्या.