तालबद्ध सामूहिक व्यायाम : झुंबा व लेझीम

व्यायामाच्या तासाला काही मुले, विशेषतः वरच्या वर्गांतील मुली, मैदानाच्या कडेला उभ्या राहतात. हरण्याची व हसे होण्याची भीती हे त्याचे एक कारण होय. तालबद्ध सामूहिक व्यायामात हारजीत नसते. म्हणून अशा मुलांस मैदानात आणण्यास तो उपयुक्त ठरतो.

कोलंबियातील बेटो पेरेझ या नृत्यशिक्षकाने १९९० च्या दशकात साल्सा व मेरेंगे या लॅटिन अमेरिकी संगीतावर व्यायामवर्ग घेतले. त्यांतून झुंबा जन्मास आला. मेरेंगेची पावले दोन मात्रांची, जवळजवळ जागच्या कदमतालासारखी असतात. लेझीमीचे ‘चार आवाज’ शिकविणाऱ्या शिक्षकास ती अवघड वाटू नयेत. ध्वनिवर्धक नसल्यास हलगी पुरेशी आहे.

प्रथम पाच मिनिटे संथ चाल, नंतर पंधरा मिनिटे मुख्य पावले व शेवटी पाच मिनिटे सावकाश हालचाल, असा क्रम ठेवावा. उन्हाळ्यात हा तास सकाळीच घ्यावा. शिक्षकाने स्वतः भाग घ्यावा. मुलांकडे तोंड असताना त्यांच्या उजव्या पावलाबरोबर आपले डावे पाऊल टाकावे, म्हणजे त्यांचा गोंधळ होत नाही. चुकणाऱ्याचे नाव घेऊन तास थांबवू नये. पुढील आवर्तनात तो बहुधा जुळतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटांची शारीरिक हालचाल सुचविली आहे. उरलेला वेळ खेळांतून भरून काढावा.

प्रजासत्ताकदिनाचे प्रात्यक्षिक उत्तम झाले, एवढ्यावर समाधान मानू नये. कडेला उभी राहणारी मुलगी रांगेत आली काय, हे पाहावे.