उंचावरचे पाणी, धावते पाणी : ठिबकसाठी ऊर्जेचा हिशेब

निफाड, दिंडोरी भागातील द्राक्ष बागायतदार रात्री वीज असताना उंचवट्यावरील टाकी भरून ठेवतात आणि दिवसा ठिबक चालवतात. येथे ऊर्जेची दोन रूपे कामाला येतात. ती समजून घेतल्यास पाइप फुटणे व बागेला कमी-जास्त पाणी मिळणे टाळता येते.

स्थितिज ऊर्जा

उंचावर साठवलेल्या पाण्यात जी ऊर्जा असते ती स्थितिज ऊर्जा. १,००० लिटर पाणी १० मीटर चढवले की त्यात सुमारे ९८,००० ज्यूल ऊर्जा साठते. एका युनिट विजेत ३६ लाख ज्यूल असतात. म्हणजे एका युनिटात ३६ हजार लिटर पाणी १० मीटर चढायला हवे. परंतु पंप व मोटार मिळून निम्मी ऊर्जा वाया गेली, तर १८ हजार लिटरच चढते.

टाकी मोठी केली म्हणून दाब वाढत नाही. दाब केवळ उंचीवर ठरतो. १० मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाब मिळतो. म्हणून टाकीचा तळ आणि बागेतील सर्वांत उंच ओळ यांतील फरक मोजावा. मोठ्या टाकीने पाणी जास्त वेळ पुरते, इतकेच.

गतिज ऊर्जा

व्हॉल्व्ह उघडला की पाणी धावू लागते. धावत्या पाण्यातील ऊर्जा ती गतिज ऊर्जा. वेग दुप्पट झाला तर ती चौपट होते. ६३ मि.मी.च्या ३०० मीटर पाइपात सुमारे ८ क्विंटल पाणी असते. सेकंदाला १.५ मीटर वेगाने त्यात ९०० ज्यूल ऊर्जा असते. ३ मीटर वेगाने ३,६०० ज्यूल. व्हॉल्व्ह झटक्यात बंद केला तर हे ८ क्विंटल पाणी एकदम अडते आणि त्याचा धक्का पाइपाला, जोडांना बसतो. वीज गेल्यावर चढत्या पाइपातील पाणी मागे फिरते, तेव्हाही असाच धक्का बसतो.

सह्याद्रीच्या माथ्यावरील घाटघर येथे २५० मेगावॉट क्षमतेचा उदंचन जलविद्युत प्रकल्प याच तत्त्वावर उभारला आहे. जादा वीज असताना पाणी वर चढवायचे व गरजेच्या वेळी खाली सोडून वीज घ्यायची. आपली टाकी हे त्याचेच लहान रूप होय.

बागायतदारांनी काय करावे?

१. व्हॉल्व्ह सावकाश उघडावा, सावकाश बंद करावा.
२. मुख्य पाइपातील वेग सेकंदाला १.५ मीटरच्या आत राहील असा व्यास निवडावा. बारीक पाइपात घर्षणाने उंचीचा दाब खर्ची पडतो.
३. पंपाजवळ एकदिशा व्हॉल्व्ह आणि पाइपाच्या उंच जागी हवेचा व्हॉल्व्ह बसवावा.
४. गाळणी वेळेवर धुवावी. तुंबलेली गाळणी दाब खाते.

विजेचे पैसे देऊन पाणी आपण उंच चढवतो. ती ऊर्जा शेवटच्या वेलीपर्यंत पोहोचली, तरच तो खर्च सार्थकी लागला असे समजावे.