सुईचे टोक कोठे आहे?

वाराणसीत शिंदे घाट आणि भोसले घाट यांच्या दरम्यान संकठा घाट आहे. तेथे पाण्यात तिरपा रोवलेला बांबू पृष्ठभागापाशी मोडल्यासारखा दिसतो, आणि पावसाळ्यात गंगा गढूळ झाली म्हणजे त्याचा बुडालेला भाग मुळीच दिसत नाही. टोक तळाला टेकले की नाही, हे नावाड्याला हाताच्या स्पर्शानेच ओळखावे लागते. शिरेत सुई घालणाऱ्या वैद्याची स्थितीही दीर्घकाळ अशीच होती.

परंपरेनुसार सुश्रुताने काशिराज दिवोदासापाशी शल्यविद्येचे शिक्षण घेतले. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात 700 शिरा सांगून त्यांपैकी 98 शिरांचा वेध करू नये, असे बजावले आहे. शिरा स्वभावतःच चंचल असून माशांप्रमाणे हलतात, हे निरीक्षणही तेथे आहे. आधुनिक वैद्यकापुढेही हीच अडचण आहे.

अत्यवस्थ रोग्याला तीव्र औषधे द्यावयाची असल्यास नळीचे टोक हृदयाजवळच्या मोठ्या नीलेत न्यावे लागते. 1929 साली वेर्नर फोर्समान या जर्मन डॉक्टरने स्वतःच्या दंडातील नीलेतून नळी हृदयापर्यंत नेली. 1956 साली त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. 1953 मध्ये सेल्डिंगर या स्वीडिश डॉक्टरने प्रथम सुई, तीतून तार आणि तारेवरून नळी, असा क्रम प्रचारात आणला.

मात्र पहिली पायरी, म्हणजे सुई, चुकली तर पुढचे सारेच चुकते. मानेतील मोठ्या नीलेला लागूनच मेंदूकडे रक्त नेणारी रोहिणी असते आणि खाली फुप्फुसाचे टोक असते. सुईने रोहिणी किंवा फुप्फुस विंधले गेल्यास रोग्याच्या जिवावर बेतू शकते.

येथे श्रवणातीत ध्वनी उपयोगी पडतो. शरीरात तो सेकंदाला सुमारे 1540 मीटर वेगाने जातो. 3 सेंटिमीटर खोलीवरून प्रतिध्वनी परतण्यास, सेकंदाचे दहा लाख भाग केले तर, सुमारे 39 भाग लागतात. या वेळेवरून यंत्र पडद्यावर चित्र रेखाटते. हलक्या दाबाने नीला चपटी होते, रोहिणी स्पंदन पावत राहते; यावरून दोन्ही ओळखता येतात.

परंतु नीला दिसली म्हणजे सुई दिसली, असे नव्हे. पडद्यावरील चित्र हा शरीराचा एक पातळ छेद असतो. सुई त्या छेदाला आडवी गेली, तर केवळ एक तेजस्वी ठिपका दिसतो. तो टोकाचा आहे की सुईच्या मधल्या भागाचा, हे ठिपक्यावरून कळत नाही. टोक नीला भेदून पलीकडे गेले असले, तरी ठिपका नीलेतच दिसू शकतो. सुई छेदाच्या प्रतलात ठेवली, तर ती पूर्ण लांबीने दिसते. पण हात किंचित सरकला की प्रतल सुटते. शिवाय गुळगुळीत पोलाद आरशासारखे असल्याने, सुई फार उभी असल्यास प्रतिध्वनी भलतीकडेच जातो.

यावर उपाय म्हणून सुईचा माग घेणारी साधने निघाली. एका प्रकारात यंत्राजवळ सौम्य चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात व सुईतील सूक्ष्म संवेदक आपले स्थान कळवितो. दुसऱ्यात सुईच चुंबकित केलेली असते व तिचा वेध शोधकातील संवेदक घेतात. तिसऱ्यात कॅमेरे सुईचा शरीराबाहेरील भाग पाहतात. सुई ज्या मार्गाने जाईल, तो मार्ग पडद्यावर आधीच रेषेने उमटतो.

या साधनांनाही मर्यादा आहेत. जवळच्या लोखंडी वस्तूंनी चुंबकीय क्षेत्र विस्कळीत होते. बाहेरील भागावरून टोकाचे अनुमान करताना सुई सरळ आहे, असे गृहीत धरलेले असते. सुई वाकली की रेषा आणि टोक यांची फारकत होते. म्हणून पडद्यावरील रेषा हे अनुमान समजावे, पुरावा नव्हे. तार नीलेतच आहे, हे प्रत्यक्ष चित्रात पाहिल्यावाचून छिद्र रुंद करू नये. बारीक सुईचे छिद्र बहुधा दाबून धरल्याने मिटते; रोहिणीत चुकून घातलेल्या जाड नळीचे मात्र तसे नसते.