बेण्यातला अदृश्य रोग शोधणारी प्रयोगशाळा : एक करिअर

वेळ नदीकाठच्या तळेगाव ढमढेरे परिसरातील ऊस उत्पादकाला गवताळ वाढ समजावून सांगावी लागत नाही; बेटातून गवतासारखे बारीक, पिवळट-पांढुरके फुटवे निघू लागले की तेथे गाळपायोग्य ऊस मिळणे कठीण. हा रोग फायटोप्लाझ्मा या पेशीभित्तिका नसलेल्या जिवाणूमुळे होतो, आणि तो नेहमीच्या पोषक माध्यमावर वाढत नसल्याने, शिवाय वरकरणी निरोगी दिसणाऱ्या बेण्यातूनही पसरत असल्याने, त्याचा माग मुख्यतः डीएनएवरून काढावा लागतो.

त्यासाठीची पीसीआर पद्धत कॅरी मुलिस यांनी 1983 मध्ये शोधली. तीत प्रायमर, म्हणजे त्या जिवाणूच्याच जनुकाला जुळणारे डीएनएचे छोटे तुकडे, वापरून ठरावीक भागाच्या प्रती प्रत्येक आवर्तनात जवळपास दुप्पट केल्या जातात. 30 आवर्तनांत एका प्रतीच्या सुमारे 100 कोटी होतात. रिअल-टाइम पीसीआरमध्ये ही वाढ प्रकाशाच्या तीव्रतेवरून त्याच वेळी मोजली जाते, आणि एक नमुना दुसऱ्यापेक्षा साधारण 3.3 आवर्तने आधी उजळला तर त्यात लक्ष्य डीएनए दहापट होता, असा हिशेब बसतो. मात्र मेलेल्या जिवाणूंचा डीएनएही यात मोजला जातो, त्यामुळे डाळिंबावरील तेल्या या जिवाणूजन्य रोगावर फवारणी झाल्यानंतरचे आकडे जपूनच वाचावे लागतात.

प्रत्येक संचात एका नळीत नमुन्याऐवजी केवळ पाणी असते. त्या नळीत लक्ष्य डीएनए आढळला, तर दिवसभराचे काम बाजूला ठेवून दूषितता शोधावी लागते. या शिस्तीचा कंटाळा येणाऱ्याने हे क्षेत्र निवडू नये, हे स्पष्ट सांगणेच हिताचे.

बारावी विज्ञाननंतर एमएचटी-सीईटीद्वारे चार वर्षांची कृषी पदवी आणि पुढे वनस्पती रोगशास्त्रात एम.एस्सी. हा सरळ मार्ग होय; सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानाच्या पदवीनेही येथे पोहोचता येते, परंतु शेतातून योग्य नमुना उचलण्याची नजर अशा विद्यार्थ्याला वेगळी कमवावी लागते, आणि ती शेतकरी कुटुंबातील मुलामुलींकडे बहुधा असतेच. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, सोलापूरचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा आणि बियाणे कंपन्या ही या कामाची ठिकाणे आहेत. केवळ पदवीवर बहुधा तंत्रसहायकाचे काम मिळते, म्हणून पालकांनी सहा वर्षांच्या शिक्षणाचा खर्च धरावा, आणि एम.एस्सी.ला प्रवेश घेण्यापूर्वी त्या विभागात रिअल-टाइम यंत्र आहे का व ते विद्यार्थ्यांना स्वतः हाताळू देतात का, याची चौकशी प्रत्यक्ष जाऊन करावी.