न पाहता टंकलेखन : मराठी-हिंदीसाठी एकच कळफलक

प्रश्न : संगणकावरील शिकवणी-प्रोग्रॅमच्या आधारे न पाहता टंकलेखन घरीच शिकता येते का? घरात मराठी आणि कार्यालयात हिंदी लिहावी लागत असल्यास कोणता कळफलक निवडावा?
— एक वाचक, धामनोद (जि. धार, मध्य प्रदेश)

उत्तर : निश्चित शिकता येते. स्पर्श-टंकलेखन म्हणजे प्रत्येक बोटाला नेमून दिलेल्या कळा, कळफलकाकडे न पाहता, केवळ सरावाने दाबणे. दोन्ही भाषांची लिपी देवनागरी असल्याने, भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली प्रमाणित केलेला ‘इनस्क्रिप्ट’ कळफलक दोहोंना पुरतो, आणि मध्य प्रदेशातील शासकीय भरतीसाठी उपयोगी पडणाऱ्या ‘सीपीसीटी’ या संगणक-प्रावीण्य चाचणीतही हिंदी टंकलेखनासाठी तो निवडता येतो.

या कळफलकावर दोन्ही तर्जन्या जेथे टेकतात, त्या किंचित उंचवट्याच्या कळांवर डावीकडे ‘ि’ आणि उजवीकडे ‘र’ असतो. ‘पत्र’ हा शब्द प, त, हलन्त (म्हणजे अक्षरातील अंगभूत ‘अ’ काढून जोडाक्षर घडवणारे चिन्ह) आणि र अशा चार कळांनी, मधली ओळ न सोडता उमटतो. मराठीला अत्यावश्यक असलेला ‘ळ’ शिफ्टसह ‘ल’ची कळ दाबल्यावर मिळतो.

मधली ओळ पक्की झाल्यावरच पुढच्या ओळी देणारा आणि चुका अक्षरनिहाय दाखवणारा प्रोग्रॅम निवडावा. चुकीच्या बोटाची सवय जडली की ती मोडणे कठीण जाते, म्हणून प्रारंभी वेगाऐवजी अचूकतेकडे लक्ष द्यावे आणि सराव थोडा, पण रोज करावा.